ज्येष्ठांना आधी विचारा, ही कल्पना आली कुठून?

पुण्याला पेन्शनरांचं शहर म्हणतात ते काही उगाच नाही, आणि आता तर कोथरूड, सहकारनगरकडे कितीतरी घरांत मुलं परदेशात किंवा बंगळुरात आणि इथे दोघंच, नाहीतर एकटंच माणूस. मग घरात कॅमेरा येतो, पडलं की मुलाला कळवणारं घड्याळ येतं, गोळ्यांची आठवण करणारं ॲप येतं, आणि हे सगळं बहुतेक वेळा मुलांनीच पसंत केलेलं असतं. जो वापरणार त्याला कोणी विचारलं का, हा प्रश्न मात्र आजचा नाहीये. त्याला पन्नासेक वर्षं झाली, आणि सुरुवात झाली ती चक्क कामगार युनियनमधून.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत कारखान्यांमध्ये कंप्युटर यायला लागले, तेव्हा क्रिस्टन निगार्ड हे कंप्युटर शास्त्रज्ञ तिथल्या लोखंड आणि धातू कामगारांच्या युनियनबरोबर बसले, की मशीन कसं असावं हे फक्त मालकाने का ठरवायचं? (हिंजवडीत रोज वापरतात ती ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग ही प्रोग्रॅम लिहायची पद्धत ज्या दोघांनी सुरू केली त्यातले एक हेच निगार्ड.) मग 1981 पासून स्वीडन-डेन्मार्कच्या संशोधकांनी छापखान्यातल्या कामगारांना घेऊन ‘युटोपिया’ नावाचा प्रोजेक्ट केला. तिथे रिकामं पुठ्ठ्याचं खोकं टेबलावर ठेवून त्यावर लेझर प्रिंटर असं लिहायचे आणि कामगारांना म्हणायचे, हा आहे असं समजून काम करून दाखवा. मला ही पद्धत फार आवडते, कारण पुठ्ठा काय, कोणीही कापू शकतं, हे असं नको तसं करा म्हणायला कंप्युटर यावा लागत नाही.

दुसरा धागा अमेरिकेतला. 1972 मध्ये बर्कलीला एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या अपंग साथीदारांनी इंडिपेंडंट लिव्हिंगचं, म्हणजे अपंगांनी आपल्या मर्जीने जगण्याचं, केंद्र उभं केलं. रॉबर्ट्सना पोलिओमुळे श्वासासाठीही मशीन लागायचं, तरी त्यांचं म्हणणं एकच, मदत लागली म्हणून माणूस परावलंबी होत नाही, ती कोणाची, कधी आणि कशी घ्यायची हे त्याचं त्याला ठरवता आलं पाहिजे. आज ज्येष्ठांबद्दल आपण जे बोलतो त्यातलं बरंचसं इथूनही आलंय.

ज्येष्ठांपर्यंत हे पोचायला वेळ लागला. पॅट्रिशिया मूर या तरुण डिझायनर 1979 पासून तीनेक वर्षं म्हाताऱ्या बाईचा वेश करून गावोगाव फिरल्या, नजर अंधुक करणारा चष्मा, कान बंद, सांधे बांधलेले. मोठंच काम आहे ते, पण तरीही तो एका तरुण बाईचा अनुभव. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती 1990 मध्ये बाजारात आलेल्या ऑक्सो या कंपनीच्या भाजीच्या सोलाण्याची गोष्ट. जाड, मऊ रबरी मूठ, ओल्या हातातूनही न सटकणारी. वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की कंपनीचे सॅम फार्बर यांना संधिवात असलेल्या बायकोचे हाल बघवले नाहीत म्हणून त्यांनी हे केलं. पण त्या बायकोने, बेट्सी फार्बर यांनी, नंतर स्वतः सांगितलं की मुळात कल्पना माझी होती. म्हणजे ज्याचा हात दुखतो त्याने डिझाइन केलं तरी इतिहासात त्याची नोंद पेशंट म्हणूनच होते, आणि हे आजही तसंच चाललंय असं मला मनापासून वाटतं.

1991 मध्ये नेदरलंड्सच्या आइंडहोवनला जेरोंटेक्नॉलॉजीची, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या तंत्रज्ञानाची, पहिली परिषद झाली, त्याच वर्षी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये वय आणि डिझाइनवर काम सुरू झालं. तरी न विचारता केलेल्या वस्तू येतच राहिल्या. केंब्रिजच्या नव्वदीपुढच्या लोकांचा एक अभ्यास 2008 मध्ये छापून आला, त्यात दिसलं की मदतीचं बटण असूनसुद्धा पडल्यावर बहुतेकांनी ते दाबलंच नाही. काहींनी ते गळ्यात घातलेलं नव्हतं, काहींना उगाच कोणाला त्रास नको असं वाटलं.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे हयातीचा दाखला. नोव्हेंबर 2014 मध्ये जीवन प्रमाण हा डिजिटल दाखला आला, बँकेत जाऊन सही करायच्या ऐवजी अंगठा लावायचा. सोय मोठीच होती. पण वयाने बोटांच्या रेषा झिजतात, मग काउंटरवर अंगठा पुसा, परत ठेवा, दुसरं बोट बघू, मागे रांग वाढतेय आणि आजोबा ओशाळलेत, हे बँकेत काम पडलेल्या कितीतरी जणांनी बघितलं असेल. चेहरा दाखवून दाखला काढायची सोय आली ती नोव्हेंबर 2021 मध्ये, म्हणजे सात वर्षांनी. रेषा झिजतात हे कुठल्याही आजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

विचारून करता येतं हेही झालेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये ज्येष्ठांना सोयीच्या शहरांची गाइड काढली तेव्हा 33 शहरांतल्या सुमारे दीड हजार ज्येष्ठांशी आधी गटागटाने बोलून घेतलं होतं. त्यात भारतातली दिल्ली आणि उदयपूर होती, पुणे नव्हतं. आणि आपल्याकडे तर एरियाएरियात ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यात रिटायर्ड इंजिनियर, नर्स, शिक्षिका, टेल्को-बजाजमधून निवृत्त झालेली माणसं आहेत. घड्याळ किंवा ॲप करणाऱ्यांनी पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आधी तिथे जावं, माल तयार झाल्यावर डेमो द्यायला नाही.