‘आजकालची पोरं’ आणि कामाचा ताण

लग्नाच्या पंगतीत हमखास कानावर पडणारं वाक्य: ‘आजकालच्या पोरांना कष्टच नकोत, वर्ष होत नाही तोच नोकरी सोडतात.’ बोलणाऱ्या काकांनी बहुधा एकाच कचेरीत 30 वर्षं काढलेली असतात. ऐकणारा भाचा हिंजवडीतून रात्री उशिरा सुटून, मिळेल त्या गाडीने लग्नाला पोचलेला असतो.

यात ‘पिढी’ हा शब्दच निसरडा आहे. 23 वर्षांचा मुलगा कुरकुरतो ते वयामुळे, त्याचा जन्म ज्या काळात झाला त्यामुळे, की सध्याच्या बाजारामुळे? एकदाच घेतलेल्या सर्वेक्षणातून हे तिन्ही धागे सुटे करता येत नाहीत. काकाही तेविसाव्या वर्षी कुरकुरत होते का, हे बघायला तेव्हाची आकडेवारी हवी; काकांच्या आठवणीवर भागत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी 2020 मध्ये या विषयावरचं संशोधन तपासलं आणि पिढ्यांच्या लेबलांवरून कर्मचाऱ्यांबद्दलची धोरणं आखायला भक्कम आधार नाही, असं सांगितलं.

मग ताण येतो कुठून? 1979 मध्ये रॉबर्ट कारासेक या संशोधकाने एक साधी मांडणी केली. कामाचा रेटा किती, हे एकटं मोजून उपयोग नाही. ते काम कसं करायचं हे ठरवण्याची मुभा किती, तेही बघायला हवं. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरवर प्रचंड रेटा असतो, पण पुढचा निर्णय त्याचा असतो. कॉल सेंटरमधल्या मुलीचं बोलायचं वाक्य ठरलेलं, कॉल किती मिनिटांत संपवायचा तेही ठरलेलं, आणि बाथरूमला जायचं तरी स्क्रीनवर ‘ब्रेक’ टाकायचा. रेटा जास्त आणि मुभा कमी, ही जोडी सगळ्यात वाईट.

लंडनच्या सरकारी नोकरांवरच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासांनी याला बळ दिलं. पहिला अभ्यास 1967 मध्ये सुरू झाला. साहेबांच्या डोक्याला ताप जास्त, म्हणून हृदयविकारही त्यांनाच जास्त, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज. निघालं उलटंच. हुद्दा जितका खालचा, तितकं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जास्त. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही फरक पुरता उलगडेना. 1985 पासूनच्या दुसऱ्या अभ्यासात 10,308 जण होते; त्यात या फरकाचा बराच भाग कामावरच्या कमी मुभेशी जोडलेला दिसला.

अर्थात, याचा बाऊ करू नये. 13 अभ्यासांतल्या जवळजवळ 2 लाख लोकांची माहिती 2012 मध्ये एकत्र तपासली, तेव्हा अशा ताणाच्या नोकरीत हृदयविकाराचा धोका सुमारे 23 टक्क्यांनी जास्त आढळला. सिगारेटचा धोका याहून कितीतरी मोठा.

पण मुभा असली म्हणून तास कितीही चालतात, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या 2021 च्या अहवालानुसार, आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के जास्त असतो. नारायण मूर्तींनी 2023 मध्ये तरुणांना 70 तासांचा सल्ला दिला, तेव्हा हा अहवाल येऊन दोन वर्षं झाली होती.

आता अपेक्षांबद्दल. ‘यांच्या अपेक्षाच फार’ ही काकांची दुसरी तक्रार. अपेक्षा फुगतात खऱ्या, पण त्यात हवा कोण भरतं? जॉन वॅनस यांनी 1973 मध्ये अमेरिकेतल्या एका टेलिफोन कंपनीतला प्रयोग प्रसिद्ध केला. ऑपरेटर होऊ पाहणाऱ्या काही मुलींना नेहमीची गुळगुळीत जाहिरातफिल्म दाखवली. इतरांना खरी: काम तेच-ते आहे, डोक्यावर सतत कुणीतरी उभं असतं, चुकलं की बोलणी बसतात, चांगलं केलं तर कौतुक होत नाही. खरं कळल्यावर उमेदवार पळतील, अशी भीती होती. तसं झालं नाही. नोकरी स्वीकारण्याच्या प्रमाणात फारसा फरक पडला नाही. उलट, रुजू झाल्यावर नोकरी सोडण्याचे विचार खरी फिल्म बघणाऱ्यांच्या मनात कमी आले.

आपल्याकडे कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्यांच्या फिल्ममध्ये टेबल टेनिस असतं, वाढदिवसाचा केक असतो. शिफ्टचा तक्ता कोण लावतं आणि रविवारी फोन उचलावा लागतो का, हे भाच्याला रुजू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात, चहाच्या टपरीवर कळतं.