औषध विझतं, तेव्हा काय कळतं?

मंद उजेडातलं ऑपरेशन थिएटर, सूक्ष्मदर्शकातून पडणारा निळा प्रकाश आणि मेंदूवर चमकणारे गुलाबी-लाल डाग. असे व्हिडिओ मोबाइलवर फिरत असतात आणि निळ्या लेझरने कॅन्सर जाळला, असं त्याखाली हमखास लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात तो निळा प्रकाश काहीही जाळत नाही. सर्जनला गाठीची कड दिसावी एवढंच त्याचं काम. पण तिथे जो रेणू चमकतो, तोच वेगळ्या प्रकाशात पेशी मारूही शकतो, आणि चमकणं व मारणं या दोन्ही गोष्टी एकाच ऊर्जेतून होतात. मला या विषयाचं वेड लागलं ते यामुळे.

मेंदूतल्या ग्लायोमा या गाठीच्या रुग्णाला शस्त्रक्रियेआधी सुमारे तीन तास एक द्राव प्यायला देतात. त्यात ५-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल, म्हणजे एएलए असतं; प्रमाण वजनाच्या दर किलोला २० मिलिग्रॅम. हे एएलए स्वतः चमकत नाही. रक्ताला लाल करणारं हीम आपल्या पेशी टप्प्याटप्प्याने बनवतात, त्या साखळीची ही सुरुवातीची कडी. शेवटून दुसऱ्या टप्प्यावर प्रोटोपॉर्फिरिन-९ तयार होतं. फेरोकेलेटेज नावाचं विकर त्यात लोहाचा अणू बसवतं आणि हीम तयार होतं. हीम पुरेसं झालं की शरीर एएलए बनवणंच कमी करतं, त्यामुळे एरवी मधल्या टप्प्यावर काही साचत नाही. बाहेरून एएलए दिलं की हा लगाम सुटतो. त्यात बऱ्याच कर्कपेशींमध्ये फेरोकेलेटेजचं काम मंद असतं. टोलनाक्यावर एकच खिडकी चालू असली की मागे गाड्या तुंबतात, तसं प्रोटोपॉर्फिरिन तिथे तुंबतं. लोह बसलेलं हीम चमकत नाही. लोहाविना राहिलेलं प्रोटोपॉर्फिरिन मात्र ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशात ६३५ नॅनोमीटरच्या आसपास लाल चमकतं. निळा प्रकाश गाळून टाकणाऱ्या फिल्टरमधून पाहिलं की गाठ उठून दिसते.

जर्मनीतले न्यूरोसर्जन वाल्टर श्टुमर आणि सहकाऱ्यांच्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. या चमकेच्या आधारे शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ६५ टक्के रुग्णांच्या नंतरच्या एमआरआयमध्ये गाठीचा उजळ दिसणारा भाग उरलेला नव्हता. नेहमीच्या पांढऱ्या प्रकाशात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये हे प्रमाण ३६ टक्के होतं. अमेरिकेत या वापराला २०१७ मध्ये मान्यता मिळाली.

आता त्या रेणूच्या आत डोकावू. प्रकाशाचा एक फोटॉन शोषला की प्रोटोपॉर्फिरिनमधला एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो. तिथे तो काही नॅनोसेकंदच टिकतो. खाली येताना ऊर्जा प्रकाशरूपात बाहेर पडली तर ती प्रतिदीप्ती, म्हणजेच फ्लोरेसन्स. काही ऊर्जा मधेच उष्णतेत जाते, म्हणून बाहेर पडणारा प्रकाश आत गेलेल्या निळ्यापेक्षा कमी ऊर्जेचा, म्हणजे लाल असतो. पण दुसरीही वाट आहे. इलेक्ट्रॉनची फिरकी उलटते आणि रेणू ‘त्रिक’ अवस्थेत जातो. तिथून परत खाली यायला पुन्हा फिरकी उलटावी लागते आणि ते सहजासहजी होत नाही, म्हणून रेणू तिथे हजारोपट जास्त वेळ अडकून राहतो. तेवढ्या वेळात त्याला ऑक्सिजन भेटतो. साधा ऑक्सिजन हा निसर्गतःच त्रिक अवस्थेत असणाऱ्या मोजक्या रेणूंपैकी एक आहे, त्यामुळे दोघांत ऊर्जेची देवाणघेवाण सहज होते. त्यातून जन्मतो ‘एकक’ ऑक्सिजन, अतिशय आक्रमक. तो मायक्रोसेकंदांतच संपतो आणि पेशीच्या रुंदीच्या शंभराव्या भागाइतकंही अंतर जेमतेम कापतो. म्हणून तो जिथे जन्मला तिथेच मोडतोड करतो. प्रोटोपॉर्फिरिन मायटोकाँड्रियात तयार होतं, त्यामुळे पहिला घाव पेशीच्या ऊर्जाकेंद्रावरच बसतो. शेजारची औषध न साचलेली पेशी बरीचशी वाचते. याला फोटोडायनॅमिक उपचार म्हणतात.

असं औषध अंगात असताना प्रकाशाची भीती असते, हे फ्रीडरिश मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टरने १९१२ मध्ये स्वतःवरच दाखवलं. त्याने प्रोटोपॉर्फिरिनच्याच कुळातलं हेमॅटोपॉर्फिरिन टोचून घेतलं. उन्हात गेल्यावर चेहरा आणि हात भयंकर सुजले आणि ही संवेदनशीलता काही महिने टिकली. आपल्याकडच्या बावचीतलं सोरालेनही प्रकाशानेच जागं होतं. त्याची क्रिया वेगळी, ते डीएनएला जखडतं. कोडावर त्वचारोगतज्ज्ञ ते मोजून-मापून वापरतात. ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ असं सांगून बावचीचं तेल लावा आणि उन्हात बसा असा सल्ला देणारे लोकांच्या अंगावर अक्षरशः फोड आणतात. मात्रा औषधाचीही असते आणि प्रकाशाचीही.

ही मात्रा मोजायची कशी? इथेच फ्लोरेसन्स खरी कामाला येते. एकक ऑक्सिजन पेशीबरोबर त्याला जन्म देणाऱ्या प्रोटोपॉर्फिरिनलाही मोडतो. म्हणजे उपचार चालू असताना चमक कमी होत गेली, तर औषध खर्ची पडतंय. चमक होती तशीच राहिली, तर एक शक्यता अशी की तिथला ऑक्सिजन संपलाय. प्रकाश फार तीव्र असला तर असं होतं: रक्त ऑक्सिजन आणून पोचवण्याआधीच तो वापरून होतो. मग प्रकाश थोडा वेळ थांबवून पुन्हा देतात. चमकेपेक्षा चमकेचं विझणं जास्त बोलतं, ते यासाठी.

पण चित्र जितकं उजळ तितकं औषध जास्त, असं मात्र समजू नये. हिमोग्लोबिन ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश अधाशासारखा शोषतं. वर रक्ताचा पातळ थर आला तरी खालची चमक लपते. म्हणून ऊतीवरून परावर्तित झालेला प्रकाशही मोजतात आणि चमकेच्या आकड्यात त्यानुसार दुरुस्ती करतात. शिवाय मोडलेल्या प्रोटोपॉर्फिरिनपासून बनलेले काही पदार्थ स्वतःही, ६७० नॅनोमीटरच्या आसपास, चमकतात. आणि निळा प्रकाश ऊतीत मिलिमीटरभरही धड शिरत नाही, तर उपचाराचा ६३५ नॅनोमीटरचा लाल प्रकाश काही मिलिमीटर जातो. वरचं विझलं म्हणजे खालचंही विझलं, असं कॅमेरा सांगू शकत नाही.

तंबाखू आणि गुटख्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचं ओझं भारतावर फार मोठं आहे, त्यामुळे या तंत्राचा भारतीय धागा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बोस्टनमधले संशोधक जोनाथन सेली, तय्यबा हसन आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजमधले डॉक्टर यांनी तोंडातल्या सुरुवातीच्या टप्प्याच्या गाठींसाठी स्वस्त उपकरणं घडवली. उपचाराचा लाल प्रकाश बॅटरीवर चालणाऱ्या स्रोतातून ऑप्टिकल फायबरने तोंडात पोचतो. तो टेकवायची टोकं थ्रीडी प्रिंटरवर बनवलेली. चित्रासाठी साधा स्मार्टफोन, कॅमेऱ्याभोवती ४०५ नॅनोमीटरचे एलईडी आणि पुढे फिल्टर. तोंडात एक अडचण आहे: दातांवरच्या किटणातले आणि जिभेवरच्या थरातले जिवाणू स्वतःच पॉर्फिरिन बनवतात, त्यामुळे औषध न देताही तिथे लाल चमकतं. म्हणून एका चित्रावर भागत नाही. औषध देण्याआधी एक, औषध साचल्यावर दुसरं आणि प्रकाश दिल्यानंतर तिसरं, अशी चित्रं शेजारी ठेवून पाहावी लागतात. पहिल्या दोहोंतल्या फरकावरून गाठीत औषध कुठे साचलं ते कळतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्यातल्या फरकावरून त्यातलं किती खर्ची पडलं ते.