मेंदूचा तासाभराचा ठोका आणि थांबलेली पाळी

पाळी चुकली की रक्त आत साठत जाते आणि मग ते अंगात भिनते, हा समज शिकल्यासवरल्या घरांतही पक्का आहे. वास्तविक पाळी म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराचे गळणे असून, ते अस्तर इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे वाढते. इस्ट्रोजेनच कमी पडले, तर अस्तर पातळ राहते आणि गळण्याजोगे काही उरत नाही. (योनिमुखावरील पडद्याला जन्मतः छिद्र नसेल तर रक्त खरोखर साठते, पण तो विरळा अपवाद आहे.)

गर्भधारणा, थायरॉईडचे विकार, वाढलेले प्रोलॅक्टिन (दूध आणणारे संप्रेरक), पीसीओएस (बीजकोशाचा संप्रेरकांशी निगडित विकार) ही पाळी थांबण्याची परिचित कारणे आहेत. मात्र पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या आणि वजन वाढू नये म्हणून रात्रीची भाकरी सोडणाऱ्या मुलीची पाळी थांबते, तेव्हा सोनोग्राफीत बहुधा काहीच दोष दिसत नाही. तिथे गप्प झालेला असतो तो मेंदूतील हायपोथॅलॅमस.

हायपोथॅलॅमस मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला संदेश देणारे जीएनआरएच हे संप्रेरक सलग नव्हे, तर साधारण तासा-दीड तासाच्या अंतराने ठोक्याठोक्याने सोडतो. संप्रेरकांचे अभ्यासक अर्नस्ट नोबिल आणि त्यांच्या अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील सहकाऱ्यांनी 1978 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या विषयातील सर्वांत देखणा वाटतो. हायपोथॅलॅमसमधील जीएनआरएच सोडणारा भाग निकामी केलेल्या माकडिणींना ते सतत दिले, तेव्हा पिट्युटरीतून स्रवणारी, बीजकोशाला चालना देणारी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरके घटली. तेच द्रव्य तासातून एकदा, सहा मिनिटे दिल्यावर ती पूर्ववत झाली. सतत मारा झाला की पिट्युटरीच्या पेशी संदेश टिपणारे आपले ग्राहक-रेणू आत ओढून घेतात आणि संदेशाला दाद देईनाशा होतात. म्हणजे संदेश त्या रेणूइतकाच त्याच्या लयीतही असतो.

ही लय हायपोथॅलॅमसमधील, किसपेप्टिन नावाचे संदेशद्रव्य स्रवणाऱ्या चेतापेशी राखतात. चरबीच्या पेशींतून येणारे लेप्टिन हे संप्रेरक घटले, इन्सुलिन उतरले, ताणाने कॉर्टिसॉल चढले, की ही लय मंदावते; मग एलएचचे ठोके विरळ होतात, बीजकोशात बीज पक्व होत नाही आणि इस्ट्रोजेन घसरते. खाण्यातून मिळालेल्या ऊर्जेतून व्यायामाचा खर्च वजा जाता चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 30 किलोकॅलरींहून कमी ऊर्जा उरली, तर एलएचची लय बिघडू शकते, असे प्रयोगांत दिसले आहे. अर्थात हा आकडा प्रत्येकीला तंतोतंत लागू पडत नाही.

अशा वेळी ‘उष्णता कमी पडली’ म्हणून पपई आणि तीळगूळ खाऊ घातल्याने ठोके परत येत नाहीत. गर्भनिरोधक गोळ्यांनी महिन्याच्या महिन्याला रक्तस्राव होतो खरा, पण तो गोळ्यांचा असतो. मेंदूची लय तशीच मंद राहते आणि इस्ट्रोजेन कमी पडल्याने होणारी हाडांची झीज चालू राहू शकते. मुख्य उपचार म्हणजे पुरेसे जेवण, कमी सराव आणि काही महिन्यांचा धीर. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आलीच नाही, किंवा नियमित येणारी पाळी तीन महिने थांबली, तर डॉक्टरांकडे जावे. त्यांनी आधी गर्भधारणेची चाचणी सांगितली, तर राग मानू नये. कारण लय परतताना बीज आधी सुटते आणि पाळी त्यानंतर येते, त्यामुळे मधल्या काळात पाळी न दिसताही गर्भ राहू शकतो.