उमरावसभेतील विधेयकांचा दिवस (इंग्लंड, सतरावे शतक)

उमरावसभा म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्स हे इंग्लंडच्या पार्लमेंटचे वरिष्ठ सभागृह. सतराव्या शतकात तेथे विधेयक वाचण्यापासून त्यावर राजसंमती मिळेपर्यंतचे काम ज्या रीतीने चाले, ती प्रामुख्याने सभेच्या चिटणिसाने ठेवलेल्या रोजनाम्यांवरून कळते. या रोजनाम्यांत भाषणे जवळजवळ नसतात. कोण हजर होते, काय वाचले गेले, काय ठरले आणि सभा पुन्हा केव्हा भरणार, एवढेच त्यांत येते. त्यामुळे त्यांतून दिवसाचा सांगाडा अचूक हाती लागतो, पण माणसांचा आवाज अन्यत्र शोधावा लागतो.

सभा वेस्टमिन्स्टरच्या जुन्या राजवाड्यातील एका लांबट दालनात भरे. राजासह पार्लमेंट उडवून देण्याच्या १६०५ च्या कटात ज्या तळघरात बंदुकीच्या दारूची ३६ पिंपे रचून ठेवली होती, ते याच दालनाच्या खाली होते. शतकाच्या उत्तरार्धात भिंतींवर स्पॅनिश आरमाराच्या १५८८ मधील पराभवाची चित्रे विणलेले भव्य पडदे होते. १८३४ च्या आगीत ते जळून गेले. वरच्या टोकाला सिंहासन असे, त्याच्या उजव्या हाताला बिशप आणि डाव्या हाताला वरच्या दर्जाचे उमराव बसत. मध्यभागी लोकर भरलेल्या तांबड्या गाद्या असत. त्यांपैकी सिंहासनाजवळच्या गादीवर लॉर्ड चॅन्सेलर, किंवा त्याच्या जागी नेमलेला राजमुद्रेचा रक्षक, सभापती म्हणून बसे आणि उरलेल्या गाद्यांवर न्यायाधीश बसत. न्यायाधीशांना कायद्याचा सल्ला विचारला जाई, मत मात्र नसे. सभापतीचा अधिकारही आपल्या कल्पनेपेक्षा बराच तोकडा होता. वक्ते त्याला उद्देशून न बोलता ‘माय लॉर्ड्स’ म्हणून सर्व सभेला उद्देशून बोलत, आणि कोणाला गप्प बसवायचे असेल तर ते सभेनेच करायचे असे.

बिशपांची पदे २६ होती. सर्वसामान्य उमरावांची संख्या मात्र त्या काळी गादीवर असलेल्या स्टुअर्ट घराण्यातील राजांनी सढळ हाताने पदव्या वाटल्यामुळे, आणि प्रसंगी त्या विकल्यामुळे, शतकाच्या पहिल्या तीन दशकांतच दुपटीहून अधिक झाली. रोज सगळे येत नसत. गैरहजर उमराव राजाची परवानगी घेऊन दुसऱ्या उमरावाच्या नावे मुखत्यारपत्र देई आणि त्याच्या वतीने तो दुसरा मत देई. राजाचा लाडका मंत्री असलेल्या बकिंगहॅमच्या ड्यूकने अशी तेरा मुखत्यारपत्रे आपल्या खिशात जमवल्यावर १६२६ मध्ये सभेने नियम केला, की एका उमरावाने दोहोंपेक्षा अधिक मुखत्यारी स्वीकारू नये.

कामकाज सकाळी आठ-नऊच्या सुमारास एखाद्या बिशपाने म्हटलेल्या प्रार्थनेने सुरू होई. त्यानंतर चिटणीस हजेरी घेई. छापील विधेयक प्रत्येकाच्या हाती असण्याचा तो काळ नव्हता. चिटणीस कागदावर लिहिलेला मजकूर उभा राहून अथपासून इतिपर्यंत वाचे आणि सभापती सोबत जोडलेल्या टिपणावरून त्याचा सारांश सांगे. हे पहिले वाचन. रोजनाम्यात त्याची नोंद लॅटिनमध्ये होई : ‘आज पहिल्यांदा विधेयक वाचले’. दुसऱ्या वाचनानंतर वादविवाद होऊन विधेयक समितीकडे जाई. सभेत एका प्रश्नावर एकदाच बोलता येत असल्याने खरी झटापट समितीत होई, कारण तेथे तोच उमराव पुनःपुन्हा उठू शकत असे. सर्व सभेचीच समिती झाली, तर सभापती आपली लोकरीची गादी सोडून खाली उतरे आणि दुसराच उमराव अध्यक्ष होई. दुरुस्त्या पक्क्या झाल्या की मजकूर चर्मपत्रावर सुवाच्य अक्षरात उतरवला जाई, आणि तिसरे वाचन या चर्मपत्राचे होई.

मत घेण्याची पद्धत पदक्रमाच्या उलट दिशेने चाले. सर्वांत कनिष्ठ बॅरन (बॅरन ही उमरावांतील सर्वांत खालची पदवी) आधी उठून ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ म्हणे आणि वरच्यांची पाळी मागाहून येई. थोरांचे मत ऐकून धाकट्यांनी आपले मत बेतू नये, हा त्यातला शहाणपणा. कौल स्पष्ट नसेल, तर दोन्ही बाजूंचा एकेक उमराव मोजणीस उभा राही. मते समसमान पडली तर प्रस्ताव फेटाळला असे धरले जाई. सभापतीला निर्णायक मत नव्हते. हरलेल्या बाजूला आपली असहमती रोजनाम्यात सहीनिशी नोंदवण्याचा हक्क होता आणि राजकारण तापले की तो पुरेपूर वापरला जाई.

दोन सभागृहांमधील व्यवहारात दर्जाची जाणीव पदोपदी दिसे. उमरावसभेचे निरोप न्यायाधीश किंवा चॅन्सरी या लॉर्ड चॅन्सेलरच्या न्यायालयाचे अधिकारी नेत, तर कॉमन्सचे, म्हणजे निवडून आलेल्या कनिष्ठ सभागृहाचे, निरोप त्यांचे स्वतःचे सभासद घेऊन येत. मतभेद झाल्यास दोघांची परिषद जवळच्या चित्रांकित दालनात भरे. तेथे उमराव टोप्या घालून बसलेले असत आणि कॉमन्सचे प्रतिनिधी बोडक्या डोक्याने उभे. दोन्हीकडून संमत झालेल्या विधेयकाला राजा स्वतः येऊन संमती देई. त्यासाठी ब्लॅक रॉड हा अधिकारी कॉमन्सला बोलावून आणी आणि ते कठड्याबाहेर उभे राहत. विधेयकाचे नाव वाचले जाई आणि चिटणीस जुन्या नॉर्मन फ्रेंचमध्ये ‘राजाची तशी इच्छा आहे’ असे उच्चारी. नकार द्यायचा असेल, तर ‘राजे विचार करतील’ एवढेच सौजन्याचे वाक्य येई. नोव्हेंबर १६७८ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने नागरी सैन्याचे विधेयक याच शब्दांत परतवून लावले.

सभा न्यायालयही असल्याने विधेयकांच्या मध्येच अर्ज आणि दावे ऐकले जात. टॉमस स्किनर या व्यापाऱ्याने ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध केलेल्या दाव्यात उमरावसभेने १६६८ मध्ये त्याला ५,००० पौंड भरपाई देवविली. (चार्ल्सने मुंबई बेट सनदेने कंपनीच्या हवाली केले तेही याच वर्षी, त्यासाठी पार्लमेंटची गरज पडली नाही.) असा दावा थेट उमरावसभेत चालवणे बेकायदेशीर आहे असे कॉमन्सने ठरवले आणि भांडण इतके चिघळले, की अखेर १६७० मध्ये राजाच्या सूचनेवरून दोन्ही सभागृहांनी आपापल्या दप्तरातून ते प्रकरण खोडून टाकले. रोजनाम्याला किती वजन होते, हे यावरून समजावे.

१६४९ मध्ये कॉमन्सने उमरावसभा ‘निरुपयोगी आणि घातक’ ठरवून रद्द केली होती. ती १६६० मध्ये पुन्हा भरली. तिच्या दिवसांपैकी सर्वाधिक चर्चिला गेलेला दिवस म्हणजे २७ मे १६७९. बंदिप्रत्यक्षीकरणाचे, म्हणजे अटकेतील माणसाला न्यायालयापुढे हजर करायला लावणारे हेबियस कॉर्पसचे विधेयक कॉमन्समधून आले होते आणि उमरावांच्या दुरुस्त्यांवरून ते अडले होते. राजा त्याच दिवशी सत्र संपवणार होता. सत्र संपले की अपुरे राहिलेले प्रत्येक विधेयक आपोआप बारगळे. त्यामुळे कॉमन्सशी आणखी एक परिषद करावी की नाही, या वरवर किरकोळ प्रश्नावर सगळे येऊन ठेपले. बाजूने ५७ आणि विरुद्ध ५५ मते पडली. परिषद झाली, उमरावांनी माघार घेतली आणि राजाने सिंहासनावरून संमती दिली.

या मोजणीविषयी त्या काळचे बिशप व इतिहासकार बर्नेट यांनी आपल्या इतिहासात एक किस्सा दिला आहे. मोजणीस लॉर्ड ग्रे आणि लॉर्ड नॉरिस उभे होते. नॉरिस यांचे लक्ष धड जागेवर नसे. एक अतिशय लठ्ठ उमराव समोरून गेला, तेव्हा ग्रे यांनी थट्टेने तो दहा म्हणून मोजला. नॉरिस यांच्या ते ध्यानात आले नाही, म्हणून ग्रे यांनी आकडा तसाच राहू दिला. किस्सा रचलेला वाटतो, पण चिटणिसाच्या हजेरीत त्या दिवशी १०७ नावे आहेत आणि मतांची बेरीज ११२ होते. नऊ जास्तीची मते वजा केली तर १०३ उरतात, आणि निकाल ४८ विरुद्ध ५५ असा उलटतो. तरीही यावरून बर्नेट खरे ठरत नाहीत. हजेरी सकाळी घेतली जाई आणि उशिरा आलेल्यांची नावे पुष्कळदा राहून जात, तेव्हा पाच माणसांची तफावत थट्टेशिवायही समजू शकते. मोजणी बरोबर असो वा चुकीची, संमतीचे शब्द उच्चारले गेल्यावर मागची मोजणी उकरून कायदा रद्द ठरवण्याची सोय नव्हती. त्या कायद्याची काही कलमे इंग्लंडमध्ये आजही लागू आहेत.