गॉगल घालायची वेळ

मे महिन्याच्या मध्याला मराठवाड्यात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. धाराशिव-लातूरकडे हा दिवस 12-13 मेच्या सुमारास येतो, छत्रपती संभाजीनगरला आणखी आठवडाभराने, आणि त्या वेळी उभ्या खांबाची सावली काही क्षण त्याच्या बुडाशीच लपून जाते. अशा उन्हात बाहेर पडणारा माणूस खिशातला गॉगल काढतो आणि सकाळी शेतावर किंवा कामावर जाताना मात्र तो घरीच ठेवतो. त्वचेच्या दृष्टीने हे गणित बरोबर आहे, कारण अतिनील किरण दुपारीच सर्वांत तीव्र असतात. डोळ्यांचे गणित वेगळे आहे.

जपानमधील कानाझावा येथील संशोधक हिरोशी सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुतळ्याच्या डोळ्यांच्या जागी अतिनील किरण मोजणारे संवेदक बसवून दिवसभर नोंदी घेतल्या आणि 2011 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सूर्याकडे तोंड असताना डोळ्यांवर पडणारे अतिनील-बी किरण दुपारी बाराला सर्वाधिक नव्हते. हिवाळा सोडला तर ते सूर्य क्षितिजापासून सुमारे 40 अंश वर असताना, म्हणजे सकाळी आणि दुपार कलल्यावर असे दोनदा शिगेला पोहोचत होते. कारण साधे आहे. सूर्य डोक्यावर असताना भुवईचे हाड आणि वरची पापणी डोळ्यावर वळचणीसारखी सावली धरतात. तो खाली आला की किरण या वळचणीखालून सरळ आत शिरतात. आपल्या अक्षांशावर मे महिन्यात सूर्य त्या उंचीवर साधारणपणे सकाळी नऊच्या आणि दुपारी चारच्या सुमारास असतो. दुचाकीवरून तालुक्याला निघण्याची आणि ऊन उतरले म्हणून पुन्हा शेताकडे वळण्याची वेळही नेमकी हीच असते.

अतिनील किरणांपैकी 280 नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे किरण ओझोनच्या थरातच अडतात. जमिनीपर्यंत पोहोचतात ते 280 ते 315 या पट्ट्यातील अतिनील-बीचा काही भाग आणि 315 ते 400 मधील अतिनील-ए. यातील लहान तरंगलांबीचे किरण डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलात शोषले जातात आणि उरलेले बहुतांशी भिंगात. हे शोषण म्हणजे दृष्टिपटलाला मिळालेले संरक्षण असले, तरी त्याची किंमत भिंगातील प्रथिने वर्षानुवर्षे मोजत असतात. अमेरिकेत मेरीलँडच्या चेसापीक उपसागरात मासे-खेकडे पकडणाऱ्या 838 जणांचा अभ्यास 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आयुष्यभरात डोळ्यांवर पडलेल्या अतिनील-बीचे प्रमाण दुप्पट झाले की भिंगाच्या बाहेरील थरात होणाऱ्या मोतीबिंदूचा धोका सुमारे 1.6 पट होतो, असे दिसले. मोतीबिंदूला वय, मधुमेह, तंबाखू अशी इतरही कारणे आहेत, त्यामुळे सगळा दोष उन्हावर टाकणे योग्य नाही.

उन्हाची खूण अधिक स्पष्ट दिसते ती खेड्यापाड्यात ज्याला ‘डोळ्यात मांस वाढणे’ म्हणतात त्या विकारात. पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारी ही त्रिकोणी, तांबूस वाढ बहुतेक वेळा नाकाच्या बाजूनेच सुरू होते. नाक तर त्या बाजूला आडोसा देते, मग वाढ तिथेच का व्हावी? ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी त्याचे उत्तर शोधले. कानशिलाकडून तिरके येणारे किरण डोळ्याच्या पुढील वक्र पटलातून वळतात आणि समोरच्या, म्हणजे नाकाकडील कडेवर एकवटतात. तिथे त्यांची तीव्रता सुमारे वीस पटींपर्यंत वाढू शकते. समोरून काळाकुट्ट पण बाजूंनी उघडा असलेला गॉगल या किरणांना अजिबात अडवत नाही. माझ्या मते गॉगल घेताना सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते याच गोष्टीकडे.

काचेचा काळेपणा आणि अतिनील किरण अडवण्याची क्षमता या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. काळेपणाच्या शून्य ते चार अशा श्रेणी असतात. तिसऱ्या श्रेणीची काच 8 ते 18 टक्के दृश्य प्रकाश आत सोडते आणि आपल्याकडच्या उन्हाला ती पुरेशी आहे. चौथ्या श्रेणीची काच लावून वाहन चालवू नये. ‘यूव्ही 400’ या खुणेचा अर्थ 400 नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात, आणि हा गुण जवळजवळ रंगहीन काचेतही असू शकतो. अशा गुणाविना नुसती काळी काच लावली तर अंधारामुळे बाहुली मोठी होते. तिचा व्यास दोनाचा चार मिलिमीटर झाला की क्षेत्रफळ चौपट होते आणि तेवढे जास्त किरण भिंगापर्यंत जाऊ शकतात. हे तत्त्वतः खरे असले तरी या भीतीचा बाऊही केला जातो. पॉलिकार्बोनेटसारखे प्लास्टिक मुळातच बहुतेक अतिनील किरण अडवते, त्यामुळे बसस्थानकाबाहेरचा स्वस्त गॉगल कुचकामीच असेल असे नाही आणि महागडी फ्रेम ही कशाची हमीही नाही. चष्म्याच्या दुकानात यंत्रावर काच तपासून घेणे उत्तम. नोटा तपासायचा जांभळा दिवा जवळ असेल तर एक ढोबळ परीक्षा घरीही होते: गॉगलच्या काचेतून तो नोटेवर टाकल्यावर क्रमांकाची चमक दिसेनाशी झाली, तर त्या दिव्याचे किरण काच अडवते आहे. दुकानदार निळ्या किरणांचा झोत दाखवून ‘ब्लू कट’ विकतात, त्या प्रयोगाचा मात्र अतिनील किरणांशी संबंध नसतो. पोलराइज्ड काच रस्त्यावरून आणि पाण्यावरून येणारी चकाकी कमी करते, तिचा आराम खरा आहे. पण अतिनील संरक्षण वेगळे विचारूनच घ्यावे.

फ्रेम रुंद, कपाळाला जवळ बसणारी आणि कानशिलाकडे वळलेली असावी. तिच्या जोडीला रुंद काठाची टोपी हवी. गांधी टोपी, पटका किंवा फेटा डोके झाकतात, डोळ्यांवर सावली धरत नाहीत. त्यापेक्षा कापूस वेचणाऱ्या बायकांचा कपाळावर पुढे ओढलेला पदर या कामाला अधिक उपयोगी. नंबरचा चष्मा असणाऱ्यांनी त्याच काचांना अतिनीलरोधक थर लावून घ्यावा. लहान मुलांच्या डोळ्यातील भिंग अधिक पारदर्शक असल्याने त्यांच्या दृष्टिपटलापर्यंत जास्त किरण पोहोचतात, आणि तरीही घरात गॉगल सर्वांत शेवटी मुलांसाठी घेतला जातो. गावात शेतकऱ्याने गॉगल लावला तर ‘हिरो झाला’ किंवा ‘ऑपरेशन झालं का?’ यांपैकी एक शेरा ठरलेला असतो, आणि दिवसभर उन्हात राबणाऱ्यालाच त्यामुळे तो टाळावासा वाटतो.

गॉगलची मर्यादाही स्पष्ट आहे. वेल्डिंगच्या ठिणगीसमोर तो चालत नाही. तिथले किरण पुढच्या पटलाला भाजतात आणि काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी असह्य आग होते. सूर्याकडे थेट पाहण्यासाठी तर कोणताच गॉगल नाही. 2 ऑगस्ट 2027 रोजी दुपार उतरताना आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण होणार आहे. ग्रहण पाहण्याच्या प्रमाणित चष्म्यातून दृश्य प्रकाशाचा 0.0032 टक्क्यांहून अधिक भाग येऊ द्यायचा नसतो. तिसऱ्या श्रेणीचा चांगला गॉगलही त्याच्या किमान अडीच हजार पट प्रकाश आत सोडतो.