नांगर सोडून केबल वाचवलीत? मग भरपाईचा दावा असा करा

समुद्रतळावरच्या विजेच्या केबलमध्ये बोटीचा नांगर अडकला आणि केबल तुटू नये म्हणून तुम्ही तो साखळीसकट सोडून दिलात, तर त्याची भरपाई केबलच्या मालकाने द्यायची असते. मासेमारीच्या बोटीने जाळं कापून सोडलं तरी तेच. नियम जुना आहे. टेलिग्राफच्या, म्हणजे तारायंत्राच्या केबलसाठी १४ मार्च १८८४ रोजी पॅरिसला करार झाला, त्याचं हे सातवं कलम. आता संयुक्त राष्ट्रांच्या १९८२च्या सागरी कायदा करारात ते कलम ११५ म्हणून आहे. भारताने तो करार १९९५मध्ये स्वीकारला.

असे दावे फार येत नाहीत आणि आलेले बरेचसे परत जातात. मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या एका कचेरीत बसून मी ही कागदपत्रं बरीच वर्षं चाळतोय. नांगर खरोखर सोडलेला असतो, माणसं खरं बोलत असतात, पण कागद भलतंच बोलतो.

पात्रतेच्या अटी तीनच. दावा जहाजाच्या मालकाचा असतो, कॅप्टनचा किंवा खलाशाचा नव्हे. नांगर किंवा जाळं केबलला इजा होऊ नये म्हणूनच सोडलेलं असलं पाहिजे. आणि त्याआधी सगळी वाजवी खबरदारी घेतलेली असली पाहिजे. पहिल्या अटीवर कोणी अडत नाही. उरलेल्या दोन्ही नीट समजून घ्या.

गुहागरकडचा एक चीफ ऑफिसर, कामाला चोख. त्याने पहाटे तीनला लॉगबुकात एक ओळ लिहिली : ‘पोर्ट अँकर अँड सेव्हन शॅकल्स लॉस्ट’, म्हणजे डावीकडचा नांगर आणि साखळीचे सात शॅकल गेले. एक शॅकल म्हणजे साडेसत्तावीस मीटर, म्हणजे नांगराबरोबर जवळजवळ दोनशे मीटर साखळी गेली. केबलमालकाच्या वकिलाने त्या ओळीतला शेवटचा शब्द तेवढा उचलला. ‘लॉस्ट’ म्हणजे हरवला. हरवलेल्या नांगराचे पैसे कोणी देत नाही, सोडलेल्याचे देतात. ‘केबलमध्ये अडकल्याचं लक्षात आलं, ओढणं थांबवलं, केबलला इजा टाळण्यासाठी साखळी सोडली’ एवढं वेळेसह आणि अक्षांश-रेखांशासह तिथल्या तिथे लिहिलेलं हवं. नंतर वर बारीक अक्षरात घुसडलेली ओळ तर आणखी घातक. साध्या शाईच्या फरकावरून दावा संशयात गेलेला मी पाहिला आहे.

आता खबरदारी. वकिलाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : केबल चार्टवर (सागरी नकाशावर) होती, मग तिथे नांगर टाकलातच का? चार्टवर केबल जांभळट नागमोडी रेषेने दाखवतात, विजेची असेल तर त्या रेषेवर विजेची खूण असते. पण पडद्यावरच्या चार्टची, म्हणजे एक्डिसची, गोम अशी की ‘स्टँडर्ड’ मांडणीत समुद्राखालच्या केबल सक्तीने दाखवायच्या यादीत नाहीत. त्या ‘ऑल अदर’मध्ये मोडतात, मुद्दाम चालू कराव्या लागतात. पडदा मोकळा दिसावा म्हणून कोणीतरी तो थर बंद केलेला असतो आणि पुढच्या वॉचवाल्याला, म्हणजे पुढच्या पाळीच्या अधिकाऱ्याला, त्याचा पत्ता नसतो. ‘पडद्यावर नव्हती’ हे उत्तर तुमच्याच विरुद्ध जातं. वाऱ्यात नांगर घसरत घसरत केबलवर गेला असेल, तर तो घसरायला लागल्यापासून तुम्ही काय काय केलंत (इंजिन कधी तयार ठेवलं, साखळी किती वाढवली, व्हीएचएफ रेडिओवर कोणाला कळवलं) हे मिनिटांसह दाखवावं लागतं. आधी केबलला हिसका बसला आणि मग नांगर सोडला, तर भरपाई लांबच, उलट बिल तुमच्याकडे येऊ शकतं.

ते बिल केवढं असेल? विजेची केबल दुरुस्त करायची तर खास जहाज लागतं आणि शांत हवामानाची वाट पाहावी लागते. तुटलेली टोकं वर काढून मध्ये नवा तुकडा दोन सांध्यांनी जोडतात, आणि एकेका सांध्याला दिवस जातात. नोव्हेंबर २०१६च्या वादळात इंग्लंड-फ्रान्समधल्या आठपैकी चार केबल निकामी झाल्या. २००० मेगावॉटची जोडणी निम्म्यावर आली आणि पूर्ववत व्हायला पुढचं वर्ष उजाडलं. फिनलंड-एस्टोनियामधली ६५० मेगावॉटची एस्टलिंक-२ २०२४च्या नाताळात तुटली, ती २०२५च्या जूनमध्ये सुरू झाली. त्यापुढे तुमच्या नांगराची किंमत चिल्लर. म्हणून नांगर परत मिळवायच्या नादात केबल वर ओढू नका, कापू तर मुळीच नका. आत हजारो व्होल्ट असतात. साखळीच्या टोकाला बोया बांधा आणि सोडून द्या.

सर्वांत जास्त घोळ २४ तासांचा. पुष्कळांना वाटतं की घटनेपासून २४ तास, मग समुद्रात दोन दिवस गेले की मुदत संपली म्हणून गप्प बसतात. तसं नाही. १८८४च्या कलमाप्रमाणे खलाशांच्या साक्षीसह निवेदन शक्य असेल तर लगेच तयार करायचं, आणि कॅप्टनने बंदरात परतल्यापासून किंवा पुढच्या ज्या बंदराला लागाल तिथे पोचल्यापासून २४ तासांत अधिकाऱ्यांपुढे घोषणा करायची. पुढचं बंदर म्हणजे माल उतरवायचं बंदर नव्हे. वाटेत पाण्या-इंधनासाठी टेकलात तरी घड्याळ सुरू झालं. आणि कलमात तास लिहिलेत, कामाचे दिवस नव्हेत. रविवार आला म्हणून थांबू नका. त्याच करारात आणखी एक २४ तास आहेत : केबल टाकणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या जहाजाची खूण दिसल्यावर मासेमारी बोटींनी दूर होण्याची ती कमाल मुदत. तिचा तुमच्या दाव्याशी काही संबंध नाही.

बंदराच्या खिडकीवर बहुधा ‘आमच्याकडे असा फॉर्म नाही’ असंच ऐकू येईल. बरोबरच आहे, करारात नमुना दिलेलाच नाही. दीडशे वर्षं होत आली तरी एक छापील कागद कोणाला काढावासा वाटलेला नाही! तुम्हीच दोन प्रती लिहून न्या, एक द्या आणि दुसरीवर तारीख-वेळेसह शिक्का घ्या. शिक्क्यावर वेळ नसेल तर हाताने लिहायला लावा. पुढे केबलमालकाच्या देशाच्या कॉन्सुलेटला कळवणं हे त्या अधिकाऱ्यांचं काम.

व्हीडीआर, म्हणजे जहाजाच्या प्रवासाची नोंद ठेवणारं यंत्र, त्यातली नोंद आठवणीने सेव्ह करा. जुन्या यंत्रात शेवटचे १२ तासच राहतात, मग त्यावर नवीन चढतं. जुलै २०१४नंतर बसवलेल्या यंत्रात जास्त साठतं, पण त्या भरवशावर राहू नका. ब्रिजवरचे, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीतले, आवाज हा तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार असतो.

बाकी कागद नेहमीचे : लॉगबुकाचा उतारा, ताज्या अधिकृत दुरुस्त्या उतरवलेल्या चार्टची प्रत, नांगर-साखळीची प्रमाणपत्रं, खरेदीची बिलं.

केबल कोणाची हे शोधणं जहाजावरून कठीण जातं. ब्रिटनच्या पाण्यात किस-ऑर्का नावाच्या सेवेकडे केबलचे नकाशे आणि मालकांचे आणीबाणीचे नंबर मिळतात. कलम ११५ खुल्या समुद्रासाठी आहे आणि अनन्य आर्थिक क्षेत्रातही (किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत) लागतं. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत त्या त्या देशाचा कायदा पाहा. घारापुरीला २०१८मध्ये समुद्राखालच्या केबलने वीज पोचली, तिच्याबद्दलही आमच्याकडे विचारणा होते. ती केबल मुंबई बंदराच्या पाण्यात आहे. तिथे हे कलम चालत नाही, बंदराचेच नियम पाहायचे.

आणि खलाशांचे जबाब. नांगराच्या जागी उभा असलेला सारंग (खलाशांचा मुकादम) पुढच्या बंदरात साइन ऑफ होऊन, म्हणजे जहाजावरची नोकरी संपवून, गावी जातो, तिथे रेंज नसते, आणि कचेरी दोन महिने त्याला फोन लावत बसते. गँगवेवरून (जहाजाच्या शिडीवरून) उतरण्याआधी त्याची सही घ्या. जबाब त्याला कळेल त्या भाषेत वाचून दाखवा, आणि तसं वाचून दाखवल्याचं खाली लिहा.