आतड्याचा दाह, कर्करोग आणि इन्फ्लमासोमचा दुटप्पीपणा

आतड्याचं आतलं अस्तर म्हणजे पेशींचा अवघा एक थर. त्याच्या एका बाजूला अन्नरस आणि जिवाणूंची तुडुंब गर्दी, दुसऱ्या बाजूला रक्तवाहिन्या आणि प्रतिकारपेशी. माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, असा हिशोब २०१६ मध्ये मांडला गेला. त्यांतले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यातच राहतात. इतक्या शेजाऱ्यांवर सतत चवताळून उठणं शरीराला परवडणारं नाही, पण एखादा पेशीच्या आत घुसला तर गप्प बसूनही चालणार नाही. हा फरक ओळखण्याचं बरंचसं काम इन्फ्लमासोम नावाच्या प्रथिनांच्या जुळण्या करतात.

या जुळण्यांचा शोध २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे युर्ग चॉप यांच्या गटाने लावला. त्या उपजत प्रतिकारशक्तीचा भाग आहेत, म्हणजे आधी रोग होऊन गेलेला असण्याची किंवा लस घेतलेली असण्याची त्यांना गरज नसते. एरवी त्यांचे सुटे भाग पेशीत विखुरलेले असतात आणि धोका दिसला की मिनिटांत एकत्र येतात.

उदाहरणार्थ, साल्मोनेला हा जिवाणू पेशीत शिरला की त्याच्या शेपटीच्या प्रथिनाचा तुकडा नेप नावाच्या प्रथिनाला चिकटतो. त्या एका नेपमुळे एनएलआरसी४ या प्रथिनाचा पहिला रेणू उलगडतो, त्याच्यामुळे दुसरा, दुसऱ्यामुळे तिसरा, असं करत दहाएक रेणूंचं चाक तयार होतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते खरोखरच आऱ्यांच्या चाकासारखं दिसतं. या चाकावर कॅस्पेस-१ हे विकर जागं होतं आणि कापाकापी सुरू करतं. इंटरल्युकिन-१ बीटा आणि इंटरल्युकिन-१८ हे दाहाचे निरोप त्यातूनच वापरण्याजोगे होतात. गॅसडर्मिन-डी नावाचं प्रथिनही कापलं जातं आणि त्याचे तुकडे पेशीच्या पटलाला भोकं पाडतात. गॅसडर्मिनचं हे काम २०१५ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे उघड केलं.

अस्तरातल्या पेशीच्या बाबतीत पुढे जे होतं, ते मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतं. ती पेशी नुसती मरत नाही. शेजारच्या पेशी तिला खालून आवळत वर ढकलतात आणि आतड्याच्या पोकळीत फेकून देतात. जाताना ती आपल्या पोटातले जिवाणूही सोबत नेते आणि मागची फट लगेच बुजते. अस्तर तसंही दर तीन ते पाच दिवसांनी नवं होत असल्यामुळे एखादी पेशी गमावण्याचं त्याला फारसं काही वाटत नाही.

हीच यंत्रणा अस्तराखालच्या प्रतिकारपेशींमध्ये दीर्घकाळ धगधगत राहिली, तर मात्र चित्र पालटतं. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याचं अस्तर वर्षानुवर्षं झडतं आणि भरून येतं. भरून येणं म्हणजे पेशींचं विभाजन, आणि तेही दाहातून निघणाऱ्या, डीएनएला इजा करणाऱ्या रसायनांच्या सान्निध्यात. अशा आतड्यात उद्भवणाऱ्या कर्करोगाचा प्रवासही वेगळा असतो. एरवीच्या आतड्याच्या कर्करोगात एपीसी हे पेशींच्या वाढीला आवर घालणारं जनुक बहुधा आधी बिघडतं आणि पी५३ हे तसंच दुसरं जनुक उशिरा. कोलायटिसमधून येणाऱ्या कर्करोगात पी५३ लवकर बिघडतं. म्हणूनच आजार सुरू होऊन साधारण आठ वर्षं झाली की अशा रुग्णांची ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी करायला सांगतात.

मग इन्फ्लमासोमच काढून टाकला तर दाह कमी आणि कर्करोगही कमी, असं वाटणं साहजिक होतं. हे तपासण्यासाठी उंदराला अझॉक्सिमिथेन या कर्करोगकारक रसायनाचं इंजेक्शन देतात आणि नंतर पिण्याच्या पाण्यातून डीएसएस हा आतडं सोलवटणारा पदार्थ देतात. २०१० मध्ये निकाल आले ते उलटेच! एनएलआरपी३ (इन्फ्लमासोम उभारणारं आणखी एक प्रथिन) किंवा कॅस्पेस-१ नसलेल्या उंदरांचं आतडं जास्त सुजलं आणि गाठीही जास्त आल्या. इंटरल्युकिन-१८ तुटपुंजं असल्याने अस्तराची डागडुजी नीट होत नव्हती. गंमत अशी की, त्याच वर्षी म्युनिकच्या एका गटाने एनएलआरपी३ नसलेल्या उंदरांवर डीएसएस वापरलं, तर त्यांचा दाह सौम्य निघाला.

जनुक तेच, रसायन तेच. मग फरक कुठून आला? संशयाची सुई आतड्यातल्या जिवाणूंकडे वळली. २०११ मध्ये येल विद्यापीठातल्या रिचर्ड फ्लाव्हेल यांच्या गटाने एनएलआरपी६ हे त्याच कुळातलं प्रथिन नसलेल्या उंदरांना धडधाकट उंदरांसोबत एकाच पिंजऱ्यात ठेवलं. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात. त्यामुळे जिवाणू इकडून तिकडे गेले आणि धडधाकट उंदरांनाही डीएसएस दिल्यावर जास्त तीव्र कोलायटिस झाला. एका जनुकाच्या अभावातून आलेली प्रवृत्ती जणू साथीसारखी पसरली. निष्कर्ष निघाला की एनएलआरपी६ जिवाणूंची घडी बसवतं.

पण २०१७ मध्ये इतर गटांनी एकाच आईची पिल्लं घेतली, काही जनुक असलेली, काही नसलेली. त्यांच्या जिवाणूंमध्ये जनुकामुळे म्हणावा असा फरकच सापडला नाही. जो दिसत होता तो बहुधा आईकडून आणि पिंजऱ्याकडून आलेला होता. या क्षेत्रातला जुना शोधनिबंध वाचताना मी आता आधी एवढंच बघतो की उंदीर एकाच वेतातले होते का. नसतील, तर निष्कर्ष हातचा राखून वाचतो.

एआयएम२ या प्रथिनाने आणखी गुंता केला. पेशीद्रवात भरकटलेला डीएनए ओळखून इन्फ्लमासोम उभारणं हे त्याचं नेहमीचं काम. ते नसलं की उंदरांच्या मोठ्या आतड्यात गाठी वाढतात, पण २०१५ मधल्या प्रयोगांत त्याचा इन्फ्लमासोमशी संबंधच दिसला नाही. एआयएम२ पेशींच्या वाढीचा संदेश थेट दाबून धरत होतं.

इंटरल्युकिन-१८ चंही तसंच आहे. कमी पडलं तर अस्तर सांधत नाही. जास्त झालं तर चिकट श्लेष्मा बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी नीट परिपक्व होत नाहीत आणि अस्तरावरचं संरक्षक आवरण विरळ होतं, हेही उंदरांमध्ये दिसलं आहे. माणसातला पुरावा २०१४ मध्ये मिळाला. काही बाळांमध्ये एनएलआरसी४ जनुकात असा बदल सापडला की ते चाक जिवाणूची वाट न पाहता फिरत राहतं. त्यांच्या रक्तात इंटरल्युकिन-१८ प्रचंड वाढलेलं होतं, आणि आतड्याचा दाह जिवावर बेतणारा होता. पुढे अशाच एका बाळाला इंटरल्युकिन-१८ ला बांधून ठेवणारं प्रथिन औषध म्हणून देण्यात आलं, आणि ते बाळ सावरलं.